तिनडोहाची टांकसाळ

आप्पांच्या खिशात पेन कधीच नसायचं, व्हर्निअर असायचा. व्हर्निअर म्हणजे जाडी मोजायचं पोलादी माप. कंपनीत प्रेसचे साचे बसवणारे डाय-फिटर होते तेव्हापासून तो त्यांच्या खिशात होता, आणि रिटायर झाल्यावरही शर्टाचा तो खिसा त्या वजनानं खाली ओघळलेला असायचा. त्या मापानं ते काहीही मोजत. कोथिंबिरीच्या काड्या मोजत, चपलेचा झिजलेला तळ मोजत, माझी भाकरी मोजत. "मधी साडेचार, काठाला पाच. काठ जाड ऱ्हातो तुमचा, खजिनदारबाई," असं ताट हातात धरून सांगत आणि मग काठासकट सगळी भाकरी खात.

ते आमचे घरमालक. कुरकुंभला कंपन्यांच्या मागच्या बाजूला त्यांच्या नऊ खोल्या होत्या. ओळीनं पत्र्याच्या खोल्या, पुढं अंगण, अंगणात बोअरचा एक नळ आणि एक कडुनिंब. आम्ही चार नंबरात. माझे मालक केमिकलच्या कंपनीत शिफ्टवर. आमच्यासारखेच बाकीचे, कुणी लातूरकडचे, कुणी बिहारचे. अंगणाच्या टोकाला शटरची एक शेड होती. लोक तिला आप्पांचं वर्कशॉप म्हणत. आप्पा म्हणत, टांकसाळ.

त्या शेडमध्ये एक जुनं लेथ होतं, एक छोटी भट्टी होती आणि मध्यभागी हँडप्रेस. वर आडवा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळे. दांडा फिरवला की खाली धप्प असा आवाज व्हायचा आणि पितळेच्या कोऱ्या चकतीवर छाप उठायचा. तो आवाज मला अजून ओळखता येईल. दुपारी पोर झोपवताना मी तो मोजायची.

ती नाणी तिनडोहाची होती. तिनडोह हे साम्राज्य कुठल्या नकाशावर नाही. ते आप्पांनी स्वतःच्या मनानं उभं केलेलं. पण "मी रचलं" असं ते कधी म्हणाले नाहीत. माहेरच्या गावाबद्दल बोलावं तसं बोलत. "तिनडोहात असं नसतं," एवढंच म्हणत. नळावर भांडण लागलं की म्हणत, कुणी बायकोवर हात उचलला की म्हणत, कंपनीनं कुणाला एका दिवसात काढलं की म्हणत. उजव्या कानानं त्यांना ऐकू यायचं नाही. प्रेसशॉपनं तो कान खाल्ला होता. म्हणून ते फार मोठ्यानं बोलत, आणि तिनडोहात काय असतं नि काय नसतं ते अख्ख्या अंगणाला ऐकू जायचं.

तिनडोहात तीन नाणी. कणी, मूठ आणि ओंजळ. कणी ॲल्युमिनियमची, फुटक्या पातेल्यांतून कापलेली, तिच्यावर जोंधळ्याचा दाणा. मूठ तांब्याची. ओंजळ पितळेची, तिच्यावर जोडलेले दोन हात. पाच कण्यांची एक मूठ, कारण मुठीला पाच बोटं. दोन मुठींची एक ओंजळ, कारण दोन मुठी उघडून जवळ आणल्या की ओंजळच होते. "हिशोब हातावर पायजे," आप्पा म्हणायचे. "ज्याला शाळा न्हाई त्याला बी हात असत्यात."

एकदा मी विचारलं होतं, राजा कुठं आहे? आपल्या पुस्तकात जुन्या नाण्यांवर राजाचं तोंड असायचं. चौथीपर्यंतचं पुस्तक मला नीट आठवत होतं.

"राजाचं तोंड घालायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "नाणं हातातनं फिरतं. फिरून फिरून राजाचं नाक झिजतं. नाक झिजलं की राजाला वाटतं लोक मुद्दाम घासत्यात. मग त्यो कर वाढवतो. पहिल्या बादशहाला ही अक्कल व्हती, त्यानंच कायदा केला."

"आणि बादशहाला पगार?"

"दिवसाला एक ओंजळ. सगळ्यांना एक ओंजळ. त्यालाबी पोट एकच हाय."

माझे मालक घरी येऊन हसत. म्हणत, म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे. मीही हसायची. पण ओंजळ हातात घेतली की हसू यायचं नाही. तिला वजन होतं. काठ गुळगुळीत होता. एवढ्या निगुतीनं कुणी खोटं काम करत नाही.

मला खजिनदार केलं त्याची गोष्ट मला सांगायची आहे. ती लाजेची गोष्ट आहे.

आमचं कुळ मेंढरांचं. वडलांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पाबळच्या पुढं, माळावर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पाऊस लागायच्या आधी वर यायचं. त्यात माझी शाळा चौथीला सुटली. वाचायला मला येत होतं. लिहायलाही येत होतं, पण सावकाश. जोडाक्षर आलं की हात थांबायचा. माणसं बघत असली की जास्तच. एकदा लग्नानंतर कुठल्याशा कागदावर सही करताना मागचा एक जण म्हणाला, "बाई, सही करताय का रांगोळी काढताय?" सगळे हसले. त्या दिवसापासून मी अंगठा द्यायला लागले. अंगठ्याला वेळ लागत नाही. कुणी बघत नाही, कुणी हसत नाही. काम उरकतं आणि पदर सारखा करून बाजूला होता येतं.

खोली घेताना भाडेकरूचा फॉर्म होता. माझ्या मालकांनी सही केली. मी अंगठा पुढं केला. आप्पांनी शाईचा डबा उघडला, माझा अंगठा घेतला, कागद उचलून फुंकर घातली आणि म्हणाले, "तुमाला वाचता येतं."

मी मान हलवली, नाही म्हणून.

"खोटं. न वाचणाऱ्याचे डोळे कागदावर एका जागी बसत्यात. तुमचे चालत व्हते. वळ संपली की परत डावीकडं येत व्हते." मग माझ्या मालकांकडं न बघता, मलाच म्हणाले, "तिनडोहात कायदा हाय. ज्याला लिवता येतं त्यानं अंगठा द्यायचा न्हाई. दिला तर एक ओंजळ दंड."

मालक म्हणाले, "आप्पा, आमच्याकडं तुमची ओंजळ कुठली?"

आप्पा शेडमध्ये गेले, एक नवी ओंजळ घेऊन आले आणि माझ्या हातावर ठेवली. "ही तुमची. राज्यात नव्या माणसाला पहिली ओंजळ देत्यात." मी ती नीट बघायच्या आत त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "आता दंड." मी दिली. त्यांनी लेथवर धरून तिला बारीक भोक पाडलं, तार ओवली आणि शेडच्या दारावर, सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला टांगली. "दंडाचं नाणं," विचारेल त्याला सांगायचे. कुणाचा दंड हे मात्र सांगायचे नाहीत. मला माहीत होतं. रोज नळावर जाताना ते नाणं उन्हात चमकायचं आणि मी मान खाली घालायची.

पुढं आठेक दिवसांनी त्यांनी नाण्यांचा डबा माझ्याकडं आणून दिला. म्हणाले, "तुमी ठेवा. ज्याला बोलायचा कंटाळा असतो त्याच्याकडं खजिना नीट ऱ्हातो."

मला कंटाळा नव्हता, भीती होती. पण डबा मी ठेवून घेतला.

अंगणात ती नाणी खरोखर चालत. बाहेरच्याला सांगितलं तर पटत नाही. कुणाचं पोर तासभर सांभाळलं, एक मूठ. तीन नंबरातल्या म्हाताऱ्या मावशींना बादली भरून दिली, एक कणी. शाळेचा फॉर्म भरून दिला, एक मूठ. सगळ्यात महाग काम म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप मिळावी म्हणून त्याची पोरं बाहेर नेऊन गप्प ठेवणं. त्याला एक ओंजळ. भाडं तेवढं रुपयात. माझे मालक एकदा चिडवायला म्हणाले, "आप्पा, भाडं बी ओंजळीत घ्या की." आप्पा म्हणाले, "तिनडोहात भाडं नसतं. कुरकुंभात असतं."

पाडव्याला सगळी नाणी डब्यात परत यायची. ती भट्टीत वितळायची आणि नवी पाडायची. कुणी पेटीत साठवून ठेवलेलं नाणं दुसऱ्या दिवशी चालायचं नाही. सहा नंबरातल्या वेल्डरनं, तो बिहारचा, पहिल्या वर्षी बारा ओंजळी बिछान्याखाली दडवल्या होत्या. पाडव्यानंतर तो त्या घेऊन आला.

"यह क्या बात हुई चाचा? मेरी मेहनत का है."

"मेहनत का है तो सोने क्यों दिया?" आप्पा म्हणाले. त्यांचं हिंदी कंपनीतलं. "इतने दिन में किसी से एक काम नहीं लिया? किसी को बोला नहीं, भाई मेरा कपडा धो दे, मेरे को चिठ्ठी लिख दे?"

वेल्डरनं त्या बारा ओंजळी डब्यात टाकल्या. पुढच्या वर्षी त्यानं मावशींकडून महिनाभर रोज रात्री गरम भाजी घेतली.

हजार-पाचशेच्या नोटा बंद झाल्या त्या दिवसांत तर आप्पांची छाती शर्टात मावेना. सगळं गाव बँकेपुढं रांगेत, कंपनीतले पगार अडकलेले. आमच्या अंगणात मात्र पोरं सांभाळली जात होती, पाणी भरलं जात होतं, भाकरीला भाकरी मिळत होती. आप्पा नळाजवळ उभे राहून रांगेतून आलेल्या माणसांना ऐकवायचे, "तिनडोहात असं एका रातीत करता येत न्हाई! नाणं बंद करायचं तर बादशहानं सोता बाजारात हुबं ऱ्हायचं. आधी नवं हातावर ठेवायचं, मग जुनं मागायचं." लोक दमलेले असत. तरी हसत.

त्यांच्या बादशहांमध्ये तिसरा वाईट निघाला होता. त्याची गोष्ट आप्पा फार रंगवून सांगत. तिसऱ्या बादशहाला महाल बांधायचा होता. त्यानं ओंजळ पातळ केली. छाप तोच, हात तेच, पण पितळ कमी. कुणाला कळणार नाही असं त्याला वाटलं. बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

"मग त्यांनी काय केलं?" मी विचारायची. मला उत्तर पाठ होतं, तरी विचारायची.

"काय न्हाई केलं. वरडल्या न्हाईत, मोर्चा न्हाई, काय न्हाई. गिऱ्हाईकानं नाणं पुढं केलं की त्यांनी हात पुढं केला न्हाई. एवढंच. अकरा दिवस भाजी इकली न्हाई. बादशहाचा आचारी रिकामी पाटी घेऊन परत. बाराव्या दिवशी ओंजळ पयल्यासारखी जड झाली." मग आप्पा आपले दोन्ही हात पाठीमागं घेऊन दाखवत. "हात पुढं केला न्हाई. कळलं का? आपल्या हाताव आपली सत्ता असती."

खाचांची गोष्ट राहिली. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मूठ कुठली नि ओंजळ कुठली त्यांना कळायचं नाही. एक दिवस त्या कुरकुरत होत्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कानासारख्या खाचा मारायच्या काठाला."

आप्पांनी डावा कान माझ्याकडं केला. "कुणाच्या कानासारख्या?"

मग सांगावंच लागलं. आमच्यात मेंढराच्या कानाला खूण करतात. प्रत्येक घराची वेगळी. मेंढरं एकमेकांत मिसळली तरी अंधारात नुसता कान चाचपून आपलं मेंढरू ओळखता येतं. माझ्या वडलांची खूण डाव्या कानाला, खालच्या काठाला दोन खाचा आणि त्याच्या समोर वरच्या काठाला एक. लहानपणी थंडीत मेंढराला चिकटून झोपताना मी त्या खाचा बोटानं मोजायची.

एवढं सलग मी त्या अंगणात कधी बोलले नव्हते. आप्पांनी एक ओंजळ काढून तिच्या काठावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "कणी साधी ठिवू. मुठीला एक खाच. ओंजळीला तुमच्या वडलांची खूण. पण ती त्यांची हाय. राज्याला द्यायला त्यांची हरकत हाय का, इचारा."

मी फोन लावला. वडलांना काय सांगावं तेच कळेना. साम्राज्य म्हटलं तर त्यांना वाटायचं पोरीला बाधा झाली. शेवटी म्हटलं, घरमालक पितळेवर आपली खूण मारतो म्हणतायत, चालंल का?

वडलांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणाले, "मेंढरं तर इकली. खूण आता कुनाच्या कानाव मारू? घ्या म्हनावं."

आप्पांनी कानस घेतली आणि दंडाच्या नाण्यापासून सुरुवात केली. खिळ्यावरून काढलं, खाचा मारल्या, पुन्हा टांगलं. "दंडातलं असलं तरी राज्याचंच नाणं हाय," म्हणाले.

मग एकदा वेल्डरनं दौंडच्या बसमध्ये कंडक्टरला दहाच्या नाण्यांबरोबर चुकून ओंजळ दिली. कंडक्टरनं घेतली, मग पाहिली, मग कुणाला तरी दाखवली. दुसऱ्या दिवशी हवालदार अंगणात.

"आप्पा, हे तुमचं का?"

"माझं न्हाई. तिनडोहाचं."

"नकली नाणं पाडणं गुन्हा हाय, ठाव हाय ना?"

"नकली कशाचं?" आप्पा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की कडुनिंबावरचे कावळे उडाले. "ह्याचं खरं नाणं कुठलं हाय ते दाखवा. खरं दाखवा, मग ह्याला नकली म्हणा. ह्याच्याव आकडा न्हाई, रुपया लिवलेला न्हाई, सिंह न्हाईत. कंडक्टरनं हे घेतलंच कसं ते त्याला इचारा!"

हवालदारानं नाणं उलटंपालटं केलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "काम मातर झ्याक हाय वो," म्हणाला.

"कंपनीत तीस वर्सं केलंय."

"आप्पा, खेळ हाय म्हणून लिवून द्या दोन वळी. म्हाताऱ्याचा इरंगुळा. मिटलं."

"खेळ न्हाई," आप्पा म्हणाले. "अंगणाच्या भायेर जाऊ देणार न्हाई, हे लिवून देतो. खेळ हाय हे न्हाई देणार."

तसंच लिहून दिलं. हवालदारानं चहा घेतला आणि जाताना लेकीसाठी एक ओंजळ मागितली. आप्पांनी फुकट दिली नाही. त्याला प्रेसच्या दांड्याला लावलं, दहा ठोके मारायला लावले आणि मग दिली. तो घाम पुसत, हसत गेला.

पण ती गोष्ट पुण्याला त्यांच्या मुलाच्या कानावर गेली.

मुलगा आठवड्यानं आला. आप्पा तेव्हा तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला गेले होते. तिथल्या एका मोडवाल्याकडं जुनं पितळ चांगलं मिळतं म्हणून महिन्यातून एकदा ते एस्टी आणि जीप बदलत तिथवर जात. आप्पा नसतील तो दिवस मुलानं बरोबर धरला होता. सोबत वकिलाकडचा एक माणूस, हातात फाईल आणि शाईचा डबा.

सकाळची वेळ. पुरुष बरेचसे पहिल्या पाळीला. वेल्डर रात्रपाळी करून नुकताच झोपायला आलेला. मुलगा मोठ्या गोडीनं बोलला. "प्रत्येक खोलीला लाइटचा वेगळा मीटर मिळणार आहे. त्याचा हा अर्ज. सगळ्यांनी सह्या करा, अंगठे द्या."

वेगळा मीटर आम्हाला हवाच होता. बिलावरून दर महिन्याला वाद. वेल्डरनं डोळे चोळत हिंदीत सही केली. मावशींचा अंगठा झाला. आणखी दोघींचे झाले. मग तो माझ्यापुढं आला. शाईचा डबा उघडलेला. "हं, चला वहिनी, अंगठा."

माझा हात सवयीनं वर आला होता. हे मी लपवत नाही. आला होता. तेवढ्यात डोळे कागदावर गेले आणि चालायला लागले.

त्यात मीटर कुठंच नव्हता. त्यात आप्पांचं नाव होतं. आणि पुढं होतं की ते भ्रमिष्ट झाले असून स्वतःला बादशहा समजतात, भाडेकरूंना खोटी नाणी देतात, आपल्या मिळकतीचा कारभार पाहण्यास असमर्थ आहेत, आणि आम्ही खाली सह्या करणारे हे सर्व डोळ्यांनी पाहत आलो आहोत.

मी हात मागं घेतला. दुसरा हातही. दोन्ही पाठीमागं धरले.

"काय झालं?"

"ह्यात मीटर न्हाई," मी म्हटलं. आवाज इतका बारीक की मलाच नीट ऐकू आला नाही.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? अंगठेबहाद्दर तुम्ही. फॉर्मवर अंगठाच आहे तुमचा, मी बघितलाय."

ते खरं होतं. अंगठा होता. मी त्याच्या मागं शेडच्या दाराकडं पाहिलं. खिळ्यावर ते नाणं होतं.

"बघा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या ही जागा माझ्याच हातात येणार आहे. आज आडवं लावाल तर खोली खाली करावी लागेल. पोरीची शाळा आहे ना इथं? मालकांची शिफ्ट आहे ना?"

 खोली गेली तर कुठं जायचं हे मला माहीत नव्हतं. मालकांना विचारल्याशिवाय आयुष्यात काही केलं नव्हतं. तरी बोलले.

"करते खाली. आधी हे वाचते."

आणि त्याच्या हातातला कागद मी घेतला. हिसकावला नाही, घेतला. त्याला वाटलं नव्हतं, म्हणून त्यानं सोडला. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सावकाश, जसं मला येतं तसं. भ्रमिष्ट या शब्दापाशी अडकले. परत मागं गेले, परत आले, फोड करून म्हटला. मिळकतीपाशी थांबले. असमर्थपाशी थांबले. कुणी हसलं नाही. मुलगा दोनदा म्हणाला, "द्या इकडं," पण वेल्डर उठून माझ्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिला होता.

"क्या लिखा है, भाभी?"

"लिखा है, आप्पा पागल है. और हम सब गवाह है."

वेल्डरनं कागद माझ्या हातातून घेतला, वकिलाच्या माणसाच्या खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या सहीवर आडव्या रेघा मारल्या. पेन परत त्याच्या खिशात नीट खोचून दिलं. मावशी म्हणाल्या, "माजा अंगठा बी खोड रं बाबा. मला मीटर न्हाई पायजे. मला दिसतंय कुठं?"

मग बाकीच्या दोघी आपलेही अंगठे खोडायला सांगून हसल्या, आणि ते हसणं ऐकून मुलगा कागद घेऊन गाडीत जाऊन बसला.

आप्पा संध्याकाळी आले, पाठीवर पितळेची गोणी. मावशींनी त्यांना डाव्या कानात सगळं सांगितलं. मी दारात तांदूळ निवडत होते. वर बघितलं नाही. आप्पांनी गोणी खाली ठेवली, शेडच्या दाराशी गेले, खिळ्यावरून नाणं काढलं. तार सोडवली. ती गुंडाळून खिशात टाकली, कारण आप्पा तारेचा तुकडाही टाकत नसत. मग माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"तिनडोहात दंड परत द्यायचा कायदा न्हाई," म्हणाले. नेहमीसारखं मोठ्यानं, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं. "आज केला."

मी हात पुढं केला.

त्या रात्री मालक रागावले. खोली गेली असती म्हणाले. मी म्हटलं, गेली असती. त्यांनी ताट पुढं ओढलं. मग म्हणाले, "काय काय लिहिलं होतं, वाचून दाखव की." कागद तर मुलगा घेऊन गेला होता. मी तोंडपाठ सांगितलं.

आप्पा त्यानंतर दोन वर्षं होते. एका दुपारी प्रेसचा आवाज मधेच थांबला, मी मोजत होते म्हणून मला कळलं. जागा मुलाच्याच हातात गेली. रीतसर गेली. खोल्या पाडल्या, प्रेस भंगारात गेला. आम्ही सगळे पांगलो. नाणी त्या पाडव्याला डब्यात जमा झालेली होती, वितळायची राहून गेली होती, ती मी मुलाला दिली नाहीत. वेल्डरला, मावशींना, सगळ्यांना वाटून दिली. पाडव्यानंतर ती चालत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी दिली. जागा गेली तर गेली. पण आप्पा भ्रमिष्ट म्हणून गेले नाहीत. आमच्या सहीच्या कुठल्याही कागदावर तसं लिहिलेलं नाही. ते तिनडोहाच्या टांकसाळीत काम करता करता गेले.

आता आम्ही दौंडला राहतो. ह्या वहीत मी दुपारी लिहिते, घरात कुणी नसताना. जोडाक्षरापाशी अजून थांबते.

परवा एका खात्याच्या कामाला गेले होते. खिडकीतल्या पोरीनं माझ्या साडीकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं आणि न विचारताच शाईचा डबा पुढं सरकवला. "अंगठा ना मावशी? इथं."

मी डबा बोटानं परत तिच्याकडं सरकवला.

"सही," मी म्हटलं. "पेन द्या."

डाव्या मुठीत ती दंडातून सुटलेली ओंजळ होती. ती मी बाहेर जाताना घेऊनच जाते. उजव्या हातानं लिहायला लागले. माझं नाव, मालकांचं नाव, आडनाव, सगळं. आडनावात जोडाक्षर आहे. मागं बारा-पंधरा माणसांची रांग होती. कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, उरका की, संध्याकाळ करता का आता?"

मी मागं पाहिलं नाही. डाव्या अंगठ्यानं नाण्याचा काठ चाचपला. खाली दोन खाचा, समोर एक. आणि पुढचं अक्षर काढायला घेतलं. थांबू देत.